मेलॅनोमाच्या खुणा : मोनोक्लोनल अँटिबॉडींनी केलेल्या शोधाचा आढावा

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात आणि त्यांच्या कर्करोगाला मेलॅनोमा. त्वचेच्या इतर कर्करोगांच्या तुलनेत तो संख्येने थोडा, पण जिवावर बेतणारा. पातळ असताना सापडला तर साध्या शस्त्रक्रियेने सुटका होते. लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत, मेंदू यांत पसरल्यावर मात्र अगदी अलीकडेपर्यंत डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते.

या रोगाभोवती एक प्रश्न पन्नासहून अधिक वर्षे फिरतो आहे. निरोगी पेशींवर नसलेले आणि मेलॅनोमाच्या पेशींवर मात्र असलेले काही रेणू, म्हणजे खास मेलॅनोमाचे अँटिजेन, असतात का? असतील तर त्यांच्या आधारे निदान पक्के करता येईल, रोगाची पुढची चाल सांगता येईल आणि औषध नेमके तिथेच पोहोचवता येईल. १९७० च्या दशकाअखेरीस मोनोक्लोनल अँटिबॉडी हाती आल्या आणि हा प्रश्न थेट माणसाच्या ऊतींवर तपासता येऊ लागला. त्या तपासातून काय निष्पन्न झाले, कोणत्या भूमिका पुढे आल्या आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

मेलॅनोमाकडे रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक ओढले गेले याला कारण रोग्यांच्या अंगावरच दिसत होते. काही रुग्णांत त्वचेवरची मूळ गाठ आपोआप विरते. काहींच्या अंगावर कोडासारखे पांढरे चट्टे उमटतात. शरीर या गाठीत काहीतरी परके ओळखते, असा तर्क त्यावरून निघाला. १९६० च्या दशकात एम. जी. लुइस यांनी युगांडातल्या रुग्णांच्या अभ्यासातून या तर्काला चालना दिली. तिथल्या रुग्णांत हा रोग बहुधा तळपायाला होत असे.

पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रात लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी शिस्तशीर पद्धत बसवली. रुग्णाचा सीरम त्याच्याच गाठीच्या पेशींवर तपासायचा आणि मग इतरांच्या गाठी व निरोगी पेशी यांच्याशी पडताळायचा. त्यातून तीन वर्ग निघाले : फक्त त्या एका रुग्णाच्या गाठीवर सापडणारे अँटिजेन, अनेकांच्या गाठींवर सापडणारे आणि निरोगी पेशींवरही असणारे. पहिल्या दोन वर्गांतले सीरम फार थोड्या रुग्णांत मिळाले, आणि मिळाले तेही हातात मावेल एवढेच.

दुसरा मार्ग सशाचा होता. सशाला मानवी गाठीच्या पेशी टोचायच्या, त्याचा सीरम घ्यायचा आणि त्यातला नको असलेला भाग निरोगी ऊतींनी शोषून काढायचा. अडचण अशी की प्रत्येक सशाचा सीरम वेगळा निघे, आणि त्याच सशाचे पुढच्या वेळी काढलेले रक्तही पहिल्यासारखे नसे. त्यामुळे एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीला पडताळता येत नव्हता.

केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझर मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये यावर उपाय दिला. उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि सतत वाढत राहणारी मायलोमाची पेशी यांचा त्यांनी संकर केला. या संकरित पेशीची वंशावळ एकच अँटिबॉडी अखंड बनवत राहते. तिची एक कुपी न्यूयॉर्कहून रोमला पाठवली, तरी दोन्हीकडे तोच रेणू वापरला जातो. या शोधासाठी दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले; नील्स येर्ने हे त्याचे तिसरे मानकरी. दोघांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेने मात्र गाठी आणि विषाणू यांच्या विरोधातल्या अशा अँटिबॉडींवर पेटंट मिळवले आणि त्यावरून बराच वाद झाला.

मेलॅनोमाच्या पेशी काचपात्रात तुलनेने सहज वाढतात. त्यामुळे नवी पद्धत ज्या कर्करोगांवर आधी आजमावली गेली, त्यांत हा पुढे होता. विस्टार संस्थेतल्या हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटाचा पहिला निबंध १९७८ मध्ये आला. पाठोपाठ सिएटलमध्ये हेलस्ट्रॉम दांपत्य, कॅलिफोर्नियात राल्फ राइसफेल्ड, तसेच सोल्दानो फेरोने, न्यूयॉर्कमध्ये ओल्ड, म्युनिकमध्ये रीटम्युलर आणि जॉन्सन असे गट कामाला लागले. काही वर्षांतच मेलॅनोमाविरोधी अँटिबॉडींची रांग लागली. त्यांतल्या बऱ्याच जणी एकाच अँटिजेनला वेगवेगळ्या नावांनी ओळखत होत्या, हे मात्र नंतर उमगले.

ऊतींवरची परीक्षा

काचपात्रात वाढवलेल्या पेशी ही तयारी. खरी परीक्षा रुग्णाच्या ऊतींवर. गाठीचा पातळ छेद स्लाइडवर घ्यायचा, त्यावर अँटिबॉडी सोडायची आणि ती जिथे चिकटेल तिथे रंग उमटवायचा. हीच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. आपल्याकडच्या रुग्णालयांत रुग्णांच्या नातेवाइकांनाही ती ‘आयएचसी’ या नावाने ठाऊक असते.

पहिली अडचण ऊतींच्या जतनाची होती. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या आणि पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या ऊतीत प्रथिने एकमेकांना जखडली जातात. सुरुवातीच्या कित्येक अँटिबॉडी फक्त गोठवलेल्या ऊतीवरच चालत. गँग्लिओसाइड हे तर मेदयुक्त रेणू. पॅराफिनच्या प्रक्रियेतले अल्कोहोल आणि झायलीन त्यांना धुऊनच काढतात. गोठवलेल्या गाठी मोजक्या मोठ्या केंद्रांत असत, तर दशकानुदशकांचे पॅराफिन ब्लॉक जगभरच्या रुग्णालयांच्या कपाटांत पडून होते. १९९१ मध्ये शी, की आणि कालरा यांनी दाखवले की छेद धातूंच्या क्षारांच्या द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये उकळला तर झाकलेले अँटिजेन पुन्हा उघडे पडतात. पुढे त्यासाठी अनेक प्रयोगशाळांनी चक्क प्रेशर कुकर वापरला. त्यानंतर जुने ब्लॉक अभ्यासाला खुले झाले आणि ज्या अँटिबॉडी पॅराफिनवर चालतात त्याच पुढे टिकल्या. म्हणजे कोणती अँटिबॉडी प्रसिद्ध होणार, याचा निकाल काही अंशी जीवशास्त्राने नव्हे तर मेणाने लावला.

दुसरी अडचण मेलॅनोमाची खास. या चाचणीत नेहमी वापरला जाणारा डीएबी हा रंग तपकिरी आणि मेलॅनिनही तपकिरीच. गडद गाठीचा छेद पाहताना हा रंग अँटिबॉडीचा की पेशीचा स्वतःचा, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. म्हणून तपकिरीऐवजी लाल रंग वापरतात. दुसरा उपाय गिएम्सा रंगाचा : त्याने मेलॅनिन हिरवट निळे दिसते आणि डीएबीचा तपकिरी रंग वेगळा उठतो. तिसरा उपाय मेलॅनिन आधीच विरंजित करण्याचा, पण त्यात अँटिजेनलाही इजा होऊ शकते. साध्या वाटणाऱ्या या निवडीवर कित्येकदा संपूर्ण अहवाल अवलंबून असतो.

काय सापडले

चार दशकांत सापडलेल्या अँटिजेनांची मांडणी ढोबळमानाने चार गटांत करता येते.

पहिला गट पेशीच्या पृष्ठभागावरचा. सिएटलच्या गटाने १९८० मध्ये पी९७ हे प्रथिन वर्णन केले. लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनशी त्याचे नाते असल्याचे लवकरच समजले आणि मेलॅनोट्रान्सफेरिन हे नाव त्याला मिळाले. जास्त रेणुभाराचा मेलॅनोमा अँटिजेन, ज्याला आज सीएसपीजी४ म्हणतात, हा कॉन्ड्रॉइटिन सल्फेट जडलेला मोठा रेणू. २२५.२८एस आणि ९.२.२७ या अँटिबॉडींनी तो बहुतेक मेलॅनोमांत दाखवला. पण तो तिळांतही असतो आणि रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या पेरिसाइट पेशींवरही. याच गटात जीडी३, जीडी२, जीएम२ ही गँग्लिओसाइड येतात.

दुसरा गट वंशाच्या खुणांचा, म्हणजे रंगपेशीच्या नेहमीच्या कामातल्या प्रथिनांचा. १९८६ मध्ये ॲलन गाउन आणि सहकाऱ्यांनी काळ्या मेलॅनोमाच्या अर्कापासून एचएमबी-४५ ही अँटिबॉडी तयार केली. ती ज्याला चिकटते तो रेणू मेलॅनिनच्या कणांच्या जडणघडणीत भाग घेणारा जीपी१०० असल्याचे पुढे कळले. १९९४ मध्ये ब्रसेल्सच्या आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या गटांनी एकाच प्रथिनाचा स्वतंत्रपणे शोध लावला. एकाने त्याला मेलॅन-ए म्हटले, दुसऱ्याने मार्ट-१. ही दोन्ही नावे आजही चालतात. टायरोसिनेज, एमआयटीएफ आणि सॉक्स१० ही याच कुळातली.

तिसरा गट रोगाच्या वाटचालीच्या खुणांचा. म्युनिकच्या गटाने एमयूसी१८ आणि आयकॅम-१ हे चिकटपणाचे रेणू मेलॅनोमाच्या प्रगतीशी जोडले. फिलाडेल्फियात मीनहार्ड हर्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले की इंटिग्रिनचा बीटा-३ हा घटक, गाठ त्वचेत उभी खोल वाढू लागते त्या टप्प्याशी निगडित आहे. एचएलए-डीआर हा रेणू बहुतेक साध्या तिळांत नसतो, पण मेलॅनोमाच्या अनेक पेशींवर उगवतो, हेही या काळात नोंदले गेले.

चौथा गट कर्करोग-वृषण अँटिजेनांचा. प्रौढ शरीरात वृषणाखेरीज फारसे न सापडणारे हे रेणू गाठीत पुन्हा जागे होतात. इथे वाट उलटी होती. १९९१ मध्ये तिएरी बून यांच्या गटाने मेज-१ चा जीन टी-पेशींच्या मदतीने शोधला आणि ऊतींत ते प्रथिन पाहण्यासाठी अँटिबॉडी नंतर बनवल्या गेल्या. एनवाय-ईएसओ-१ आणि प्रेम (PRAME) हे याच गटातले अधिक परिचित रेणू.

तीन भूमिका

या साऱ्या माहितीचा अर्थ कसा लावायचा, यावर १९८० च्या दशकात तीन भूमिका आकाराला आल्या. आजच्या चर्चेतही त्यांचे धागे दिसतात.

पहिली भूमिका प्रमाणाची. निव्वळ मेलॅनोमाचा असा अँटिजेन नसेलही. पण निरोगी ऊतीत अगदी थोडा आणि गाठीत भरपूर असेल, तर व्यवहारात तेवढा फरक पुरे. पी९७ चे प्रमाण निरोगी आणि रोगट ऊतींत मोजून सिएटलच्या गटाने हा मुद्दा मांडला. आयोडिनचा किरणोत्सारी अणू जोडलेल्या अँटिबॉडीने शरीरातल्या गाठींची चित्रे मिळाली तेव्हा या भूमिकेला बळ आले. तिची मर्यादा अशी की ‘थोडा’ म्हणजे किती हे ऊतीगणिक बदलते. गँग्लिओसाइड चेतातंतूंवरही असतात आणि तिथला थोडासा मारादेखील रुग्णाला असह्य वेदना देऊ शकतो.

दुसरी भूमिका वंशाची. ओल्ड आणि ॲलन हॉटन यांचे म्हणणे असे की यांतले बहुतेक अँटिजेन कर्करोगाचे नाहीतच. मेलॅनोसाइट घडत असताना ज्या पायऱ्या चढतो त्या पायऱ्यांच्या त्या खुणा आहेत. १९८२ मध्ये आयसिंगर आणि मार्को यांनी निरोगी मेलॅनोसाइट काचपात्रात वाढवण्याची पद्धत दिली, आणि तुलनेसाठी योग्य पेशी पहिल्यांदाच उपलब्ध झाल्या. ‘मेलॅनोमाचे’ म्हणून जाहीर झालेले अनेक अँटिजेन त्या निरोगी पेशींवरही निघाले. आडनावावरून माणसाचे मूळ गाव कळते, त्याची वर्तणूक नाही. या अँटिबॉडींचे तसेच आहे. आक्षेप इतकाच की वंश सांगणारी खूण उपचाराला आपोआप निरुपयोगी ठरत नाही. मेलॅनोसाइट गमावून कोड आले तरी माणूस जगतो.

तिसरी भूमिका वाटचालीची. साधा तीळ, त्वचेत आडवी पसरणारी गाठ, उभी खोल जाणारी गाठ आणि दूरवर पसरलेला रोग या क्रमात काही अँटिजेन उगवतात, काही मावळतात. ती मालिका नीट वाचली तर रोगाचा स्वभाव आधीच सांगता येईल, असा हा विचार. यातून जीवशास्त्राची समज नक्कीच वाढली. पण वेगवेगळ्या रुग्णांच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या गाठी शेजारी मांडून रचलेली ही मालिका एकाच गाठीचा प्रवास आहे की आपण लावलेला क्रम, अशी शंका घेणारेही होते. व्यवहारात अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये सांगितलेली गाठीची जाडी हीच आजही रोगाच्या वाटचालीची मुख्य मोजपट्टी आहे. मूळ गाठीच्या टप्पेवारीत अँटिजेनच्या रंगाला स्थान मिळालेले नाही.

या तिन्हींना छेदून जाणारे एक निरीक्षण रोमच्या नताली यांनी फेरोने यांच्यासह १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडले. एकाच रुग्णाची मूळ गाठ आणि तिच्यातून पसरलेल्या गाठी यांचे अँटिजेन जुळत नाहीत. एकाच छेदात रंगलेल्या पेशींना लागून कोऱ्या पेशी असतात. काचपात्रातल्या एकसारख्या पेशींवरून काढलेले अनुमान ऊतीत का फसते, याचे बरेचसे उत्तर इथे मिळते.

निदानातला वापर

पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर मात्र या अँटिबॉडी रुळल्या. तिथला प्रश्न अधिक साधा असतो : लसिकाग्रंथीतली ही रंगहीन गाठ मेलॅनोमाची, कार्सिनोमाची की लिम्फोमाची? वंश कळला तरी अर्धी लढाई जिंकली जाते.

सगळ्यांत जुनी खूण एस-१०० हे प्रथिन. जवळजवळ प्रत्येक मेलॅनोमा ते दाखवतो, पण चेतातंतूंच्या श्वान पेशी, लँगरहान्स पेशी, चरबी आणि कूर्चाही दाखवतात. एचएमबी-४५ उलट स्वभावाची : ती नेमकी आहे, पण बऱ्याच गाठी तिला सुटतात. मेलॅन-ए बहुतेक मेलॅनोमांत दिसतो. मात्र ए१०३ या अँटिबॉडीने अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीही रंगतात. तंतूंनी भरलेला डेस्मोप्लास्टिक मेलॅनोमा एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए दोन्हींना बहुधा हुलकावणी देतो. तिथे एस-१०० आणि सॉक्स१० उपयोगी पडतात. एकटीच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, तीन-चार अँटिबॉडींचे पॅनेल लावायचे, ही पद्धत या अनुभवातून आली.

अँटिबॉडी कुठे रंगते हेही पाहावे लागते. साध्या तिळात एचएमबी-४५ चा रंग वरच्या थरात असतो आणि खोल जावे तसा फिका होत नाहीसा होतो. मेलॅनोमात तो खालपर्यंत डागाडागांनी टिकून राहतो. पण ब्लू नीवस नावाचा निरुपद्रवी तीळ वरपासून खालपर्यंत सारखा रंगतो. नियम पाठ असून भागत नाही, अपवादही माहीत लागतात.

तीळ की मेलॅनोमा, या सर्वांत नाजूक प्रश्नावर अलीकडे प्रेमची अँटिबॉडी चर्चेत आहे. लेझकानो, युंगब्लुथ आणि बुसाम यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८३.२ टक्के मूळ आणि ८७ टक्के पसरलेल्या मेलॅनोमांत पेशीकेंद्रे सर्वदूर रंगली. १४० तिळांपैकी ८६.४ टक्के पूर्ण कोरे राहिले. मात्र डेस्मोप्लास्टिक मेलॅनोमांत हे प्रमाण अवघे ३५ टक्के होते. शिवाय काही सार्कोमा आणि इतर कर्करोगही प्रेम दाखवतात. समर्थक म्हणतात, इतका स्वच्छ फरक आधी कोणत्याच खुणेने दाखवला नव्हता. सावध अभ्यासक विचारतात की ज्या गाठींचे निदान आधीच स्पष्ट होते त्यांच्यावरची ही कामगिरी, जिथे तज्ज्ञांचेच एकमत होत नाही तिथे किती टिकेल?

अशीच चर्चा सेंटिनल नोडची. गाठीतून निघणारी लसिका सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचते ती ग्रंथी तपासण्याची पद्धत डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. साध्या रंगात निसटणाऱ्या एकट्यादुकट्या पेशी अँटिबॉडींनी दिसू लागल्या आणि आजच्या टप्पेवारीत एवढ्याशा पेशींनाही ‘ग्रंथी बाधित’ असेच धरतात. इथे धोका असा की ग्रंथीच्या आवरणात कधी कधी निरुपद्रवी तिळाच्या पेशी असतात आणि त्या मेलॅन-एने रंगतात. तिथे एचएमबी-४५ किंवा प्रेम कोरे राहिले तर मोठी चूक टळते. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत, सेंटिनल ग्रंथी बाधित असलेल्या रुग्णांच्या उरलेल्या सर्व ग्रंथी लगेच काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे दिसले. बारीक ठिपका सापडणे आणि त्यावर मोठी शस्त्रक्रिया करणे हे दोन निर्णय त्यामुळे वेगळे झाले.

जनुकातला बदल ओळखणाऱ्या अँटिबॉडीही आल्या. हायडेलबर्गमध्ये २०११ मध्ये जाहीर झालेली व्हीई१ ही बीआरएएफ व्ही६००ई हा बदल झालेले प्रथिन ओळखते. म्हणजे गाठीत खरोखरच बदललेला रेणू तिला दिसतो. पण हाच बदल बऱ्याच साध्या तिळांतही असल्याने कर्करोग ठरवायला ती चालत नाही. औषध निवडायला चालते.

उपचारातले वळण

उपचाराची आशा सर्वांत आधी जागवली ती जीडी३ विरोधी आर२४ या अँटिबॉडीने. १९८५ च्या निबंधात १२ रुग्णांपैकी तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. मोठ्या संख्येने रुग्णांवर मात्र तसे यश टिकले नाही. उंदराची अँटिबॉडी माणसाचे शरीर परकी मानते आणि तिच्याविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी उभ्या करते, ही त्यातली एक अडचण; गाठीचा बहुरूपीपणा ही दुसरी.

लसींचाही अनुभव फारसा वेगळा नाही. जीएम२ ची लस २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंटरफेरॉन या औषधापुढे टिकली नाही. मेज-ए३ च्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली मोठी चाचणीही अपयशी ठरली. जीडी२ विरोधी डिनुटक्सिमॅब या अँटिबॉडीला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली, पण ती लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमासाठी.

मेलॅनोमाच्या उपचारात क्रांती केली ती मोनोक्लोनल अँटिबॉडींनीच. फक्त त्यांचे लक्ष्य मेलॅनोमाचा अँटिजेन नव्हते. २०११ मध्ये मान्यता मिळालेले इपिलिमुमॅब आणि २०१४ मधली पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब टी-पेशींवरचे लगाम सैल करतात. त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. तरीही जुने काम वाया गेले असे म्हणता येणार नाही. डोळ्यातल्या मेलॅनोमासाठी २०२२ मध्ये मान्य झालेले टेबेंटाफस्प हे औषध जीपी१०० चाच तुकडा ओळखून टी-पेशी तिथे खेचते. मात्र त्यासाठी रुग्णाचा एचएलए प्रकार जुळावा लागतो. एचएमबी-४५ ने स्लाइडवर दाखवलेला अँटिजेन असा साडेतीन दशकांनी औषधाचे लक्ष्य झाला.

आपल्याकडची बाजू

या साऱ्या संशोधनाचा पाया मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या, उन्हाने भाजलेल्या त्वचेवरच्या गाठी. भारतात मेलॅनोमा विरळा, वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी. जो होतो त्यात तळपाय, तळहात, नखाखाली होणाऱ्या अ‍ॅक्रल प्रकाराचा आणि गुदमार्ग, नाक, तोंड इथल्या श्लेष्मल प्रकारांचा वाटा मोठा असतो. तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून कापला जातो, नखाखालची काळी रेघ रक्त साकळले म्हणून सोडली जाते, गुदद्वाराजवळची गाठ मूळव्याध ठरते. योग्य तपासणीपर्यंत रुग्ण पोहोचतो तोवर गाठ जाड झालेली असते. ती रंगहीन असेल तर निदानाची सारी भिस्त आयएचसीवर.

अ‍ॅक्रल मेलॅनोमात उन्हाशी संबंधित जनुकबदल कमी असतात, बीआरएएफचे प्रमाणही कमी. जपानमधल्या अभ्यासांत सीएसपीजी४ अ‍ॅक्रल गाठींत तुलनेने कमी वेळा आढळला. प्रेमच्या वर उल्लेखलेल्या अभ्यासात मात्र ९४.४ टक्के अ‍ॅक्रल मेलॅनोमा रंगले, ही दिलासा देणारी गोष्ट. तरीही बाहेर ठरलेले निकष आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लावता येतात का, हे आपल्याच ब्लॉकवर तपासून पाहायला हवे.

काय अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न सीमारेषेवरच्या गाठींचा. तज्ज्ञांतच मतभेद असलेल्या तिळांत अँटिबॉडीची कसोटी कशावर लावायची? तिथे पक्का निकष म्हणजे रुग्णाचे पुढचे आयुष्य आणि ते समजायला वर्षे जातात.

दुसरा प्रश्न ओळख पुसण्याचा. टोमास ट्युटिंग यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांत दाखवले की दाहामुळे मेलॅनोमाच्या पेशी मेलॅन-ए आणि जीपी१०० सारख्या खुणा उतरवून ठेवतात आणि दाह ओसरल्यावर त्या पुन्हा धारण करू शकतात. काही मानवी गाठी सगळ्याच खुणा हरवून सार्कोमासारख्या दिसतात. अँटिजेन हा पेशीचा कायमचा गुण मानायचा की त्या वेळची अवस्था, हा प्रश्न निदान आणि उपचार दोन्हींना भिडतो.

तिसरा प्रश्न विश्वासार्हतेचा. एकाच अँटिजेनसाठी बाजारात अनेक अँटिबॉडी मिळतात. क्लोन, सौम्यीकरण, उकळण्याची पद्धत बदलली की निकाल बदलतो. अँटिबॉडीची अमिनो आम्लांची मांडणी जाहीर करून ती पुनर्संयोजित पद्धतीने बनवावी, अशी मागणी २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी अनेक सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने केली. ती अजून पूर्ण झालेली नाही.

चौथा प्रश्न एकाच वेळी अनेक खुणा पाहण्याचा. हार्वर्डमध्ये पीटर सॉर्गर यांच्या गटाने २०२२ मध्ये, एकाच छेदावर आळीपाळीने अनेक अँटिबॉडी लावून, सुरुवातीच्या मेलॅनोमात गाठीच्या आणि प्रतिकारपेशींची शेजारपाजाराची रचना दाखवली. संशोधनाला हे दालन मोठे आहे. जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळेला ते परवडेल का आणि त्यातून रुग्णाचा निर्णय बदलेल का, हे पुढे ठरेल.

चार दशकांच्या कामाचा हिशेब मांडला तर मेलॅनोमा आणि फक्त मेलॅनोमा ओळखणारी अँटिबॉडी आजवर मिळालेली नाही, आणि वंशाची भूमिका मांडणाऱ्यांचा अंदाज पुराव्याच्या सर्वांत जवळ ठरला. मिळाला तो खुणांचा एक संच. पेशी कोणत्या कुळातली, कोणत्या अवस्थेत, एवढे तो भरवशाने सांगतो. ती घातक आहे का, हे अजूनही गाठीची रचना, जाडी आणि रुग्णाची हकिगत एकत्र वाचूनच ठरवावे लागते. म्हणून आयएचसीचा अहवाल हाती आल्यावर ‘पॉझिटिव्ह’ एवढा एक शब्द वाचून कोणी घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. कोणत्या अँटिबॉडी लावल्या, कोणत्या कोऱ्या राहिल्या आणि पॅथॉलॉजिस्टने त्यांचा एकत्रित अर्थ काय लावला, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे.